झालंच समजा

आमच्या ऑफिसात एक गृहस्थ होते, त्यांना काही म्हणजे काही येत नव्हतं. हे मी म्हणत नाही, ते स्वतःच सांगायचे, आणि सांगताना कॉलर नीट करायचे. "मला कोड लिहिता येत नाही, चित्रं काढता येत नाहीत, तुझ्यासारख्या चुका काढता येत नाहीत. मी फक्त विचारतो." आम्ही लोकांना मोबाइलची ॲप बनवून देतो. जिच्या खिडक्या उघडत नाहीत अशा एका लांबट खोलीत आम्ही सगळे पडद्यात डोकं घालून बसलेलो असायचो, आणि हे गृहस्थ कडक इस्त्रीचा शर्ट घालून एकेका टेबलापाशी फिरत असायचे. जवळ यायचे, टेबलावर तळहात टेकवायचे आणि विचारायचे, "काय राहिलं?"

पाठीमागे त्यांचं नाव तगादेबुवा. तोंडावर दादा. मला ते चूकबाई म्हणायचे, कारण मी टेस्टर. बनलेलं ॲप बोटांनी छळायचं आणि ते कुठे मोडतं ते सांगायचं, हा माझा धंदा. या धंद्याने माणसाचा स्वभाव नासतो. मला चांगल्या गोष्टीतलं आधी वाईट दिसतं. तेव्हा मी दादांचं कौतुक करतेय असं कुठे वाटलं, तर ते पारखून घेतलेलं आहे असं धरून चाला.

आधी वाईटच सांगते. माणूस अत्यंत वैताग होता. तोंडात घास असताना येऊन उभे राहायचे. आमचे मालक, म्हणजे साहेब, हसायला लागले की त्यांच्या आधी हे हसून मोकळे. आपल्यामुळे सगळ्यांची कामं पुढे सरकतात यावर त्यांची इतकी श्रद्धा होती की आमच्या नाकी नऊ आलेत हे त्यांना दिसायचंच नाही. आमच्यातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात आळशी कोड लिहिणारा, ज्याला आम्ही उंट म्हणतो, तो दादा येताना दिसले की फोन कानाला लावून गॅलरीत जायचा. दादा गॅलरीच्या दारात उभे राहायचे. फोन बंद आहे हे दोघांनाही माहीत असायचं.

पण त्यांची विचारण्याची एक रीत होती. "झालं का?" असं ते चुकूनही विचारायचे नाहीत. मला एकदा म्हणाले, "'झालं का' विचारलं की माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो. त्याला काही पडलेली नसते. 'काय राहिलं' विचारलं की त्याला आठवावं लागतं, आणि आठवता आठवता खोटं बोलायला डोकं लागतं. तेवढं डोकं या लोकांकडे नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुला सोडून."

आणि उत्तर आलं की ते त्याचा अर्थ लावायचे. आपल्या लोकांना सरळ नाही म्हणायची लाज वाटते, म्हणून आपण नकाराला तऱ्हेतऱ्हेचे कपडे शिवून ठेवलेत. दादांना ते कपडे पाठ होते. 'बघतो' म्हणजे नाही. 'होऊन जाईल' म्हणजे अजून हातही लावलेला नाही. 'तसं झालंय' म्हणजे त्याच्या स्वतःच्या फोनवर चालतं, बाकी जगाचं देव जाणे. पण सगळ्यात वाईट उत्तर म्हणजे 'झालंच समजा'. "'बघतो' म्हणणारा फक्त मला फसवतो," दादा सांगायचे, "'झालंच समजा' म्हणणारा स्वतःलाही फसवत असतो. त्याच्या टेबलापाशी खुर्ची घेऊन बसायचं." आणि खरंच बसायचे. तो वैताग आमच्यातल्या प्रत्येकाने सोसलाय.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती पडद्यांसाठी. वहिनी घरीच पडदे शिवून देतात. दोन खोल्या, त्यातल्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कापडाचे तागे, आणि खिडकीशी खुर्चीत वहिनींचे वडील. सासरेबुवांनी सगळं आयुष्य एका कारखान्यात लेथवर काढलं. त्यांच्या हातचा लोखंडी अडसर दाराला अजून आहे, मला तो लावून काढून दाखवला. मग म्हणाले, "तू यांच्याच ऑफिसात ना? मग तूच सांग, आमचे जावई नेमकं करतात काय?"

मी म्हटलं, "विचारतात."

"काय विचारतात?"

"काय राहिलं ते."

म्हातारा शेजारी उभ्या दादांकडे वळला. "विचारायचा पगार मिळतो?"

दादा मोठ्याने हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. जिन्यात मला सोडायला आले तेव्हा म्हणाले, "लग्न झाल्यापासून हा प्रश्न चालू आहे. माझ्या कामाला नावच नाही ना. शिंपी, सुतार, डॉक्टर, काहीतरी पाहिजे. तुझं कसं, टेस्टर म्हटलं की निदान कळल्यासारखं वाटतं." मी म्हटलं, टेस्टर म्हटलं की लोकांना मी रक्त तपासते असं वाटतं. "तेही चालेल," ते म्हणाले. ते गमतीने बोलत नव्हते.

मग ऑफिसात जावई आला.

कोड लिहिणारे एजंट आमच्याकडे आधीपासून होते, म्हणजे माणसं नव्हेत, सांगितलेलं काम आपणहून करणारे संगणकातले. उंट त्यांच्याकडून निम्मं काम करून घ्यायचा आणि उरलेलं निम्मं केलंय असं सांगायचा. आता साहेबांनी त्या सगळ्यांवर देखरेख करणारा एक एजंट आणला, आणि त्याच्याबरोबर एक साधन, ज्याने त्या एजंटला हातपाय फुटतात. आमचा एक बोर्ड आहे, पडद्यावरचा फळाच तो. प्रत्येक कामाचं एक कार्ड, कार्डावर करणाऱ्याचं नाव, आणि ते 'करायचंय' पासून 'झालं' पर्यंत सरकत जातं. त्या साधनामुळे एजंटला हा बोर्ड वाचता यायला लागला, कार्डं सरकवता यायला लागली, दुसऱ्या एजंटांना कामं वाटता यायला लागली, ॲप बांधून गिऱ्हाइकाला पाठवता यायला लागलं, आणि आमच्या फोनवर निरोप धाडता यायला लागले. त्याला स्वतंत्र खातं हवं, सगळ्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड हवेत, काम नीट मांडून वाढून ठेवलेलं हवं. उंट म्हणाला, "हा तर जावईच आला घरात." नाव चिकटलं. दादाही हसले, पण जरा उशिरा.

पहिल्या आठवड्यात दादांना कुणी काही विचारलं नाही. ते टेबलापाशी आले की लोक म्हणायचे, "दादा, जावयाला सांगितलंय." ते तळहात उचलून पुढे जायचे.

तेव्हा आमच्याकडे एका पाळणाघराचं ॲप चाललं होतं. पाळणाघरातल्या बाई एक बटण दाबणार, त्यावर लिहिलेलं 'मूल नेलं', की घ्यायला आलेल्या माणसाचं नाव त्या एका मुलाच्या आईबापांना जाणार. बटण उंटाकडे होतं. जावयाने उंटाला फोनवर विचारलं, "झालं का?" उंटाने लिहिलं, "झालंच समजा." जावई सरळ माणूस. त्याने समजलं. कार्ड 'झालं'मध्ये सरकवलं, माझ्याकडे तपासायला पाठवायचं राहिलंय हेही त्याच्या लक्षात आलं नाही, कारण झालेल्या कामात काय तपासायचं? ॲप बांधलं आणि बाईंना पाठवून दिलं, वर गोड पत्र.

बाईंनी विश्वासाने एका संध्याकाळी बटण दाबलं. त्या पाळणाघरातल्या प्रत्येक मुलाच्या आईबापांच्या फोनवर एकाच वेळी निरोप गेला, "तुमचं मूल नेलं." कुणी नेलं, ते नाही. लोक कामं टाकून धावत सुटले. एक आई एका पायात चप्पल घालून आली होती म्हणतात. मुलं आत बसून चित्रं रंगवत होती, पण ते कळेपर्यंत त्या माणसांचं जे व्हायचं ते झालं होतं. उंट म्हणाला, "जावईशोध म्हणतात तो हाच." त्याला स्वतःच्या विनोदाचं हसू आलं. मला त्याला थोबाडीत द्यावीशी वाटली.

साहेबांचा राग दादांवर निघाला. "तुम्ही असताना हे झालं कसं?" दादा म्हणाले नाहीत की मला विचारलंच नव्हतं. मान खाली घालून उभे राहिले. मग साहेबांनी त्यांना काचेच्या केबिनमध्ये बसवलं आणि दार लावून घेतलं. दादा बाहेर आले ते तरंगतच. सरळ माझ्या टेबलापाशी आले आणि शब्दन् शब्द सांगितला. साहेब म्हणाले होते की माणसांची भाषा ज्याला कळते त्यानेच या एजंटला शिकवावं. आणि एकदा शिकवून झालं की त्याच्यावर आणि बाकीच्या सगळ्या एजंटांवर एक प्रमुख लागेल.

"मी विचारलं, 'साहेब, म्हणजे ती जागा माझी?'" दादा म्हणाले. "तर म्हणाले, 'अहो दादा, झालंच समजा.'"

मी पुन्हा विचारलं, "दादा, काय म्हणाले?"

"झालंच समजा."

"तुम्ही ऐकलंत का, ते काय म्हणाले?"

त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं. मग ते चिडले. इतक्या वर्षांत माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. "प्रत्येक गोष्टीत चुका काढू नयेत. साहेब आहेत ते, उंट नाहीत." आणि तळहात न टेकवताच निघून गेले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी असा समोर बघितला. ज्या माणसाने आयुष्यभर त्या दोन शब्दांवर विश्वास ठेवला नाही, त्याच्याबद्दल ते दोन शब्द बोलले गेले आणि त्याने ते तोंडात साखर घालावी तसे घेतले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बोर्डावर स्वतःच्या नावाने कार्ड काढलं, 'जावयाला शिकवणे'. दादांच्या मते कार्ड नाही ते काम नाही. मग शिकवायला बसले. त्या साधनात अशी सोय होती की साध्या भाषेत सांगितलेलं एजंट नियम म्हणून लक्षात ठेवतो. दादा शाळेत पोराला पाढे घोकून घ्यावेत तसे समोर बसून सांगत होते. 'झालं का' विचारायचं नाही, 'काय राहिलं' विचारायचं. 'झालंच समजा' आलं तर कार्ड हलवायचं नाही, दुसऱ्या सकाळी पुन्हा विचारायचं, आणि सरळ 'झालं' येईपर्यंत विचारत राहायचं. 'झालं' आल्यावरही चूकबाईंनी तपासल्याशिवाय कार्ड बंद होणार नाही. 'बघतो' म्हणजे नाही, आणि त्याच माणसाकडून दोनदा 'बघतो' आलं तर वाट बघण्यात अर्थ नाही, काम दुसऱ्याला द्यायचं.

इतकं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. कुणीतरी त्यांचं पूर्ण ऐकून घेत होतं. मधेच फोन कानाला लावून गॅलरीत जात नव्हतं. मग ते माणसांबद्दलही सांगायला लागले. उंटाला जेवणाआधी विचारू नये, तेव्हा तो खोटं बोलतो. साहेबांच्या भाच्याला चारचौघांत विचारू नये. डिझाइन करणाऱ्या मुलीची आई आजारी असते, तेव्हा तिला आधी 'आई कशी आहे?' विचारावं, मग काम विचारावं. घरी त्यांनी बातमी सांगून टाकली. सासरेबुवांनी विचारलं, "प्रमुख? कशाचे?" दादा म्हणाले, "एजंटांचे." म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. एजंट त्याला माहीत होते, विम्याचे. त्याने इमारतभर सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापासून शेजारीपाजारी जिन्यात दादांना गाठून हप्त्यांबद्दल विचारायला लागले. दादा त्यांना विम्याचंही जमेल तसं सांगायचे. नाव मिळालं होतं, ते दुरुस्त करायला त्यांना जीव होत नव्हता.

डिझाइन करणाऱ्या मुलीची आई त्याच सुमारास गेली. दादा तिच्या घरी जाऊन आले, तिच्या वडिलांजवळ बसून आले. सगळं केलं, फक्त जावयाला सांगायचं राहिलं. ती कामावर परत आली त्या सकाळी तिच्या फोनवर निरोप आला, "आई कशी आहे? आणि होम स्क्रीनचं काय राहिलं?"

ती रडली नाही. फोन घेऊन दादांच्या टेबलापाशी गेली. "दादा, हे तुम्ही शिकवलंत ना?"

दादांनी फोन हातात घेऊन तो निरोप पुन्हा वाचला.

"मला वाटायचं तुम्ही खरंच विचारता," ती म्हणाली. "हे नियमात बसतं हे माहीत नव्हतं."

दादा खरंच विचारायचे. हे मी शपथेवर सांगेन, आणि मी शपथा घेणाऱ्यांतली नाही. पण आपुलकी अशी पायरीपायरीने सांगून ठेवली की ती युक्तीच दिसते, आणि मग ज्याने ती जन्मभर केली त्याचीसुद्धा युक्तीच होती की काय असं वाटायला लागतं. त्या दिवसापासून ती मुलगी दादांशी कामापुरतं बोलायची. दादांनी तो नियम काढून टाकला. तिने तो काढलेला नाही.

पाळणाघराचं ॲप दुसऱ्यांदा गेलं ते बिनचूक. मी त्याला छळ छळ छळलं, ते मोडलं नाही. जावई आता दादांसारखाच विचारायचा, सकाळी, नेमका, न चिडता, आणि सगळ्यांना एकाच वेळी. उंटसुद्धा सुधारला. 'झालंच समजा' लिहिलं की पाठ सुटत नाही हे त्याला कळलं. तेव्हा तो काम झालेलं असो नसो, सरळ 'झालं' लिहायला लागला.

मी साहेबांना तपासणीचं सांगायला केबिनमध्ये गेले होते, तेवढ्यात दादा आत आले. शर्ट नवा होता.

"साहेब, ते प्रमुखाचं काय राहिलं?" त्यांनी विचारलं. स्वतःच्या बाबतीत ते पहिल्यांदाच विचारत होते.

साहेबांनी त्यांना प्रेमाने बसवलं. ते प्रेम बघूनच मी ओळखलं. "दादा, तुम्ही कमाल केलीत. इतकं छान शिकवलंत की आता त्याला प्रमुखच लागत नाही. हे तुमचंच यश आहे." मग थोडं खिडकीबाहेर बघून म्हणाले, "खरं तर आता विचारणारं माणूसच ठेवायची गरज नाही. मी सांगणारच होतो तुम्हाला."

दादा म्हणाले, "तुम्ही म्हणाला होतात, झालंच समजा."

साहेब हसले. वाईट हसले नाहीत, ते मला जास्त लागलं. "अहो, समजाच म्हणालो होतो ना."

गरज सरो, वैद्य मरो, ही म्हण आपल्याकडे फार जुनी आहे. तिच्यातला वैद्य मात्र स्वतःच्या हाताने औषधाची कृती लिहून देऊन मरत नाही. मला साहेबांचा राग आला हे खरं, पण त्याहून जास्त दादांचा आला. ते भांडले नाहीत. "बरं साहेब," म्हणाले आणि सवयीने त्यांच्या आधी हसले. महिनाअखेरीस त्यांनी गळ्यातलं ओळखपत्र काढून ठेवलं. ऑफिसतर्फे त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. साहेबांनी भाषणात सांगितलं की दादा कुठे जात नाहीत, ते आता आपल्या यंत्रणेत आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, आणि त्याने कुणाचं काही बिघडलं नाही.

त्यानंतर रोज सकाळी माझ्या फोनवर निरोप येतो, "काय राहिलं?" शब्द दादांचेच. फक्त टेबलावर तळहात येत नाही. पूर्वी त्या तळहाताचा मला इतका राग यायचा की मी मुद्दाम तिथे पाण्याची बाटली ठेवायचे.

परवा पडद्याची कडी तुटली म्हणून वहिनींकडे गेले. सकाळची वेळ. दादा इस्त्रीचा शर्ट घालून खाटेवर बसले होते, घड्याळ समोरच्या भिंतीवर. वहिनी मशीनवर होत्या, त्यांनी मान वर केली नाही. सासरेबुवा मात्र मला बघून खुलले. "ये. हल्ली जावई घरूनच काम करतात. प्रमुख झाल्यापासून तशी सवलत आहे."

मी दादांकडे बघितलं. दादा घड्याळाकडे बघत होते.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. म्हातारा खुर्चीत सरसावला. "आला बघ निरोप. रोज येतो. एक दिवस सोडत नाहीत. यांच्याशिवाय पान हलत नाही तिकडे." दादांनी फोन हातात घेतला, मला दिसला. "दादा, 'जावयाला शिकवणे' या कामात काय राहिलं?"

त्यांचं खातं बंद झालं होतं, किल्ल्या काढून घेतल्या होत्या. ते कार्ड मात्र बोर्डावर तसंच होतं, त्यांच्या नावावर, त्यांच्या नंबरासकट. कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. दादांनी एका बोटाने सावकाश लिहिलं, "झालंच समजा." फोन पालथा ठेवला.

"काय म्हणतात ऑफिसवाले?" सासरेबुवांनी विचारलं.

"विचारतात, काय राहिलं."

म्हातारा समाधानाने मागे टेकला. मशीनचा आवाज जरा जोरात झाला. वहिनींना सगळं माहीत आहे हे मला त्या आवाजावरून कळलं.

जिन्यात मी दादांना म्हटलं, "असं काय करता? एकदा 'झालं' लिहा आणि मोकळे व्हा."

"मग उद्या विचारणार नाही ते," दादा म्हणाले.

"सासऱ्यांना कधीतरी सांगावंच लागेल."

"त्यांचं सोड." त्यांनी जिन्याच्या कठड्यावर तळहात टेकवला. "मला तरी दुसरं कोण विचारतं, चूकबाई? मी आयुष्यभर सगळ्यांना विचारलं. मला कुणी एकदाही विचारलं नाही. आता हे विचारतं. मीच शिकवलंय, माहीत आहे मला. तरी सकाळी बरं वाटतं." मी पाकीट काढलं. कडीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

काल साहेबांनी फर्मान काढलं की बोर्डावर जुनी कार्डं फार साचलीत, सगळी बंद करून टाका. दादांच्या नियमाप्रमाणे तपासल्याशिवाय कार्ड बंद होत नाही, म्हणून ती सगळी माझ्याकडे आली. मी एकेक निकालात काढत होते. दुपारी जावयाने विचारलं, "'जावयाला शिकवणे' हे काम तपासायला तुमच्याकडे आलं आहे. काय राहिलं?"

मी बरंच काही लिहिलं. सगळं राहिलंय असं लिहिलं, एक माणूस राहिलाय असं लिहिलं, आणि खोडलं. त्याला ते कळलं नसतं, त्याने फक्त साहेबांना दाखवलं असतं. शेवटी मी लिहिलं, "बघते."

कार्ड जागचं हललं नाही. आज सकाळी दादांना निरोप गेला असेल, त्यांनी उत्तर लिहिलं असेल, म्हातारा मागे टेकला असेल. पण माझं एक 'बघते' खर्च झालंय. जावई मला पुन्हा विचारेल आणि मी पुन्हा तेच लिहीन, कारण साहेबांचं ते 'झालंच समजा' माझ्या हातून लिहवत नाही, आणि माझ्याकडे दुसरा शब्द नाही. दोनदा 'बघते' म्हणजे वाट बघण्यात अर्थ नाही, काम दुसऱ्याला द्यायचं, हे दादांनी त्याला नीट शिकवलंय. माझ्यानंतर तपासणीसाठी उंटाचं नाव आहे, आणि उंट हल्ली काहीही न बघता सरळ 'झालं' लिहितो.